रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामी पुंगळी अडकते कशामुळे? आणि अडकली तर हातोडी का उचलायची नाही?

हंटिंग रिव्हॉल्व्हरचे रील्स तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आले असतील. अमेरिकेतल्या कुठल्यातरी माळावर एक दाढीवाले काका भलंमोठं रिव्हॉल्व्हर घेऊन उभे असतात. पाच बार काढतात, सिलिंडर बाजूला उघडतात, रिकाम्या पुंगळ्या पाडायला समोरची दांडी दाबतात. आणि काहीच पडत नाही. पुन्हा दाबतात, मग तळहाताने ठोकतात, शेवटी ती दांडी टेबलाच्या कडेवर आपटतात.

बघणाऱ्याला वाटतं, एवढी महागडी बंदूक आणि साधी पुंगळी बाहेर येईना? पण अडकलेली पुंगळी बहुतेक वेळा काहीतरी सांगत असते. कधी ती सांगते की आत नुसता कचरा साचलाय. कधी सांगते की पुढच्या बाराला सिलिंडर फुटून हातात येऊ शकतो. यातलं नेमकं काय, हे ठोकाठोकी करण्याआधी ओळखता यायला हवं.

आता विक्रोळीत बसून हे कशाला वाचायचं? एक तर इथल्या आणि एलबीएस मार्गालगतच्या गाळ्यांमध्ये लेथवर हात काळे केलेल्या माणसाला हा प्रश्न दोन मिनिटांत कळेल, कारण बुशमध्ये शाफ्ट धरतो तशीच ही गोष्ट आहे. दुसरं म्हणजे इथल्या कित्येक घरांचं गाव कोकणात आहे आणि तिथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची काडतुसाची बंदूक अजून माळ्यावर किंवा कपाटात असते. तिच्यातही पुंगळी अडकते. आणि मग गावचा पाहुणा ओळखीच्या गाळेवाल्याला सहज म्हणतो, "जरा आतून पॉलिश मारून दे ना." हे काम केलं तर गाळेवाल्याचं काय होऊ शकतं, ते पुढे येईलच.

पुंगळी फुगते, ते तिचं कामच आहे

काडतुसाचे चार भाग. पुढे गोळी, मागे बुडाला ठिणगी देणारी टोपी (हिलाच प्रायमर म्हणतात), मध्ये दारू आणि हे सगळं धरून ठेवणारी पितळी नळी. बार झाल्यावर उरते ती नळी म्हणजे पुंगळी. पोलीस पंचनाम्यात 'रिकाम्या पुंगळ्या जप्त' असं लिहितात, त्या याच.

रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये पाच किंवा सहा भोकं असतात. त्यांना चेंबर म्हणतात. काडतूस चेंबरमध्ये सहज सरकावं म्हणून त्याच्याभोवती केसभर जागा सोडलेली असते. चाप ओढला की दारू पेटते, वायूचा दाब वाढतो आणि पितळेची पातळ भिंत फुगून चेंबरच्या पोलादाला घट्ट चिकटते. ती चिकटली नाही तर पेटता वायू मागे, नेमबाजाच्या तोंडावर येईल. म्हणजे फुगणं हा दोष नाही. गोळी नळीतून निघून गेली की दाब पडतो, पितळ स्प्रिंगसारखं थोडं आत येतं आणि पुंगळी सुटते.

पितळ यासाठीच निवडलेलं आहे. काडतुसाच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. या मिश्रणाचा जाडसर कप घेऊन तो डायमधून पुन्हा पुन्हा ओढतात, म्हणजे नळी लांब आणि पातळ होत जाते. दर ओढीला धातू कडक होतो, म्हणून मध्ये मध्ये तो तापवून मऊ करावा लागतो. आपल्या सेंट्रल लाइनवरच, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत असे पितळी कप बनतात. आणि १८६९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं तयार होतात. गुन्ह्याच्या बातमीत 'पुंगळीच्या बुडावर केएफ कोरलेलं होतं' असं वाचलं असेल तर ते 'किर्की फॅक्टरी', म्हणजे आपली खडकीच.

मग मोठ्या रिव्हॉल्व्हरमध्येच का अडकते?

कारण दाब. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ पीएसआय जास्त दाब असतो (पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा जोर). गाडीच्या टायरमध्ये ३० ते ३५. भारतात परवान्यावर सर्रास दिसणारं .३२ रिव्हॉल्व्हर घ्या. त्याच्या .३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसाची अमेरिकी मानकातली कमाल मर्यादा १५,००० पीएसआय आहे. 'डर्टी हॅरी' सिनेमामुळे जगभर गाजलेलं .४४ मॅग्नम ३६,००० वर जातं. म्हणजे कुकरच्या २,४०० पट. आणि अस्वल, रानरेड्यासाठी वापरतात ते .५०० एस अँड डब्ल्यू मॅग्नम ६०,००० पर्यंत, .४५४ कॅसल तर ६५,००० पर्यंत.

एवढ्या दाबाला पोलादसुद्धा थोडं ताणलं जातं. चेंबर क्षणभर मोठा होतो, पितळ त्याच्यामागे धावत फुगतं. दाब गेल्यावर पोलाद पूर्ण जागेवर येतं, पण पितळ मर्यादेबाहेर ताणलं गेलं असेल तर ते तेवढं परत येत नाही. मग आकसलेलं चेंबर फुगलेल्या पुंगळीला आवळून धरतं. सुजलेल्या बोटात अंगठी बसते ना, तसं.

आणखी एक गोष्ट. बोल्ट रायफलमध्ये लांब दांडा वर उचलताना तरफेचा जोर मिळतो, तो अडकलेली पुंगळी उपसून काढतो. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र सगळा जोर तुमच्या अंगठ्याचा किंवा तळहाताचा. वर सिलिंडरच्या मध्यावरचा चांदणीसारखा एक्स्ट्रॅक्टर सगळ्या पुंगळ्या एकदम उचलतो. त्यामुळे एकच अडकली तरी उरलेल्या सगळ्या तिच्यासाठी थांबतात. याचा फायदा असा की काहीतरी बिघडायला लागलं की रिव्हॉल्व्हरवाल्याच्या अंगठ्याला ते लवकर कळतं. फक्त त्याने त्याकडे लक्ष द्यायला हवं.

शोध कसा घ्यायचा

सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच आहे: एकाच चेंबरमध्ये अडकते की सगळ्यांत?

हे आठवणीवर सोडू नका. मार्करने चेंबरला आकडे टाका आणि दर वेळी कुठली पुंगळी नडली ते लिहून ठेवा. सगळ्या एकदम निघत असतील तर कोण नडतंय ते कळत नाही, म्हणून बंदूक मोकळी करून झाल्यावर त्याच रिकाम्या पुंगळ्या एकेक करून परत ज्या त्या चेंबरमध्ये घालून बघतात. जुन्या धर्तीच्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळ्या तशाही एकेक करूनच ढकलाव्या लागतात, तिथे हे काम सोपं.

एकाच चेंबरमध्ये नडत असेल तर काडतुसाला दोष देऊन उपयोग नाही. त्या चेंबरच्या भिंतीवर यंत्राचे ओरखडे राहिलेत, गंजाचे खड्डे पडलेत किंवा तो बाकीच्यांपेक्षा वेगळा कोरला गेलाय. फुगलेलं पितळ त्या खड्ड्यांत शिरून बसतं. भारतात ही शक्यता जरा जास्तच धरायला हवी. १९८० च्या दशकात सामान्य परवानाधारकासाठी शस्त्रांची आयात बंद झाली. त्यामुळे आजोबांच्या काळातली विलायती हत्यारं वारसाने, फेरविक्रीने अजून फिरताहेत आणि त्यांनी मुंबईचे कित्येक पावसाळे पाहिलेत.

सगळ्या चेंबरमध्ये नडत असेल तर दुसरा प्रश्न: नवं काडतूस आत जातानाच अडतं, की आत आरामात जातं आणि बाहेर येताना अडतं?

आत जातानाच अडत असेल तर बहुतेक घाण. यातला गाजलेला प्रकार म्हणजे काजळीचं कडं. .४४ मॅग्नममध्ये लांबीला छोटं .४४ स्पेशल काडतूस चालतं, .३५७ मध्ये .३८ स्पेशल, .४५४ कॅसलमध्ये .४५ कोल्ट. स्वस्त आणि कमी धक्क्याचं म्हणून लोक सरावाला छोटं वापरतात. त्याची पुंगळी जिथे संपते तिथे, चेंबरच्या पुढच्या भागात, काजळी आणि शिशाचं कडं बसत जातं. नंतर लांब काडतूस घातलं की त्याचं तोंड त्या कड्यात घुसतं, बाराला तिथेच फुगतं आणि अडकतं. वर तोंड मोकळं न सुटल्यामुळे दाबही वाढू शकतो. उपाय अगदी साधा: बंदूक मोकळी करून चेंबरच्या मापाचा ब्राँझचा ब्रश आणि सॉल्व्हंट, मग कोरडं फडकं. कडं जुनं असेल तर सॉल्व्हंट लावून थोडा वेळ मुरू द्यावं लागतं.

चांदणीच्या खाली बघायलाही विसरू नका. न जळलेल्या दारूचे दोन कण तिथे बसले तरी ती पूर्ण खाली बसत नाही, सिलिंडर घासतो आणि माणूस चेंबरच घासत बसतो. आणि तेल! आपल्याकडे गंजाच्या धास्तीने चेंबर तेलाने निथळत ठेवतात. साठवणीला पातळ थर ठीक, पण बार काढण्याआधी चेंबर कोरडे पुसलेले हवेत. तेलकट भिंतीला पुंगळी नीट चिकटत नाही, सगळा जोर मागे येतो आणि तेलात जळकी दारू कालवून चिखल होतो तो वेगळाच.

आता शेवटची आणि खरी गंभीर शक्यता. चेंबर स्वच्छ आहेत, काडतूस आत सुळकन जातं, पण बारानंतर सगळ्याच पुंगळ्या घट्ट. तेही एका ठरावीक खोक्यातल्या काडतुसांनीच. हा जास्त दाबाचा इशारा समजायचा आणि तिथेच थांबायचं. अमेरिकेत बरेच शिकारी वापरलेल्या पुंगळीत स्वतः दारू भरतात, त्याला रीलोडिंग म्हणतात. अजून थोडा जोर हवा म्हणून दारू वाढवत नेली की पहिली तक्रार बऱ्याचदा अंगठाच करतो. पुंगळ्या ठोकून काढायची वेळ आली म्हणजे मर्यादा ओलांडली गेली असावी, असं धरून ती काडतुसं बाजूला ठेवायची. 'टोपी चपटी झालीय का ते बघा' असा सल्ला सगळीकडे मिळतो. बघा जरूर. पण टोपी ठीक दिसतेय म्हणून दाब ठीक आहे असं होत नाही. .४४ मॅग्नममध्ये नेहमीच्या बारालाही ती थोडी चपटी दिसू शकते आणि काही कडक टोप्या जास्त दाबालाही ढिम्म राहतात.

आपल्या उन्हाने बदललेली काडतुसं

तापलेली दारू जास्त वेगाने जळते आणि दाब वाढवते. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं खोकं आणि एसी खोलीतलं खोकं, दोन्हींवर छाप एकच असली तरी बार सारखे लागत नाहीत. सकाळी सुटणाऱ्या पुंगळ्या दुपारी अडकायला लागल्या तर आधी काडतुसं सावलीत न्या.

हे इंग्रजांना भारतात येऊनच कळलं. कॉर्डाइट नावाची त्यांची दारू उष्णतेला फार संवेदनशील होती. विलायतेच्या थंडीत ठीक चालणाऱ्या शिकारी रायफली इथल्या उन्हाळ्यात पुंगळ्या धरून बसायला लागल्या. समोर जखमी वाघ आणि हातातली बंदूक उघडेना, ही काही विनोदाची गोष्ट नव्हे. म्हणून कारखाने भारत-आफ्रिकेसाठी कमी कॉर्डाइटची वेगळी 'ट्रॉपिकल' काडतुसं भरायला लागले. १९११ साली आलेल्या .४१६ रिग्बीची पुंगळी मुद्दाम ऐसपैस ठेवली, ती दाब कमी राहावा आणि उन्हातही पुंगळी सुटावी म्हणूनच. त्याआधी जेफ्री कंपनीने ४५०/४०० च्या पुंगळीची कड जाड केली, कारण जुनी पातळ कड ओढताना दगा द्यायची.

त्याच काळातली एक गंमत. १९०७ साली ब्रिटिशांनी भारतात .४५० मापाच्या शिकारी काडतुसांची आयात बंद केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या आणि त्या बंडखोरांच्या हाती लागल्या तर त्यांना गोळ्या मिळू नयेत, ही भीती. मग हॉलंड अँड हॉलंडने ५००/४६५ सारखं नवंच माप काढलं. लष्करी माप सामान्य माणसाला नाही, हे तत्त्व आजच्या 'प्रोहिबिटेड बोअर'मध्येही दिसतं.

या मार्टिनी-हेन्रीची स्वतःची कथा तर याच विषयाची. सुरुवातीला तिची पुंगळी एकसंध नव्हती, पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानमध्ये अबू क्लेआच्या लढाईत, धूळ आणि उष्णतेत, शत्रू अंगावर येत असताना सैनिकांच्या रायफली जाम झाल्या. पुंगळी आत अडकायची आणि ओढायला गेलं की बूडच फाटून हातात यायचं. पुढे ओढीव, एकसंध पितळी पुंगळ्या आल्या.

आणि पावसाळा

पितळाचा दुसरा शत्रू पाऊस, पण सरळ पाऊस नव्हे. ब्रिटिश लष्कर पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये ठेवायचं. पाऊस सरल्यावर बाहेर काढली की पुंगळ्यांना तडे गेलेले असायचे. ऋतू बदलला की तडे दिसतात म्हणून नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. खरं कारण १९२१ साली शास्त्रज्ञांनी मांडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळ ओढताना त्यात राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ आपोआप चिरतं. तयार पुंगळी हलकी तापवून तो ताण काढून टाकला की प्रश्न बराचसा सुटतो.

पागा गेल्या, अमोनिया गेला नाही. फरशी पुसायच्या आणि काच पुसायच्या काही द्रवांत तो असतो. काडतुसं किंवा पुंगळ्या अशा द्रवाने चमकवू नका. तडा गेलेल्या पुंगळीतून वायू फुटतो आणि ती चेंबरमध्ये अडकून बसू शकते.

कोकणातल्या बाराबोअरच्या बंदुकीचा प्रकार निराळा. तिथे दाब रिव्हॉल्व्हरच्या मानाने कितीतरी कमी, पण जुनी काडतुसं कागदी. दमट हवेत कागद फुगतो आणि काडतूस नळीत जाताना कुरकुरतं. ते जोर लावून दाबून बसवलेलं, मग निघताना आणखी त्रास. हल्ली बहुतेक प्लास्टिकची मिळतात, त्यांना हा त्रास नाही, फक्त पितळी बूड हिरवट पडलेलं नसावं. कणगीत किंवा चुलीवरच्या माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवलेलं कागदी काडतूस 'अजून चालतंय का बघू' म्हणून घालून बघायचं नाही.

प्रत्यक्ष अडकली तर

तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, सिलिंडर उघडा. पहिलं काम मोजणी. प्रत्येक टोपीवर पिनचा ठसा आहे का बघा. एखादं काडतूस जिवंत राहिलं असेल, किंवा ठसा उमटूनही बार झालेला नसेल, तर ठोकाठोकी पूर्ण बंद. बार न झालेलं काडतूस उशिरा पेटू शकतं. म्हणून चाप ओढून आवाज आला नाही तर सिलिंडर न उघडता, न फिरवता, तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं असतं.

सगळ्या खरोखर रिकाम्या असतील तर नळीचं तोंड आभाळाकडे करा आणि दांडीवर तळहाताने एकदा, सरळ, ठाम दाब द्या. तोंड वर असलं की पुंगळ्या वजनानेच खाली यायला बघतात आणि दारूचे कण चांदणीखाली जात नाहीत. रीलमधले बरेच जण तोंड खाली धरून दाबतात, ते नेमकं उलटं. नाही निघाल्या तर थंड होऊ द्या. मग पुढच्या बाजूने लाकडी काठी घालून एकेक ढकलून बघता येते. दांडी हातोडीने किंवा टेबलावर ठोकली की ती वाकते, वाकलेल्या दांडीने सिलिंडर नीट फिरत नाही आणि पाचशे रुपयांच्या कामाचं मोठं काम होतं.

चेंबरमध्ये पॉलिश पेपर, ड्रिल, होनिंगचा दगड अजिबात नको. लेथवाल्या माणसाचा हात इथे शिवशिवतो, हे कळतं. पण भोक थोडं जरी मोठं झालं तरी पुंगळी आणखी फुगणार, आणखी अडकणार आणि काढलेलं पोलाद परत भरता येत नाही.

कायदाही आड येतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनवणंच नव्हे, तिची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. काडतूस बनवणंही त्याच कलमात येतं, म्हणजे घरी दारू भरायचा प्रयोग इथे बेकायदा. गिऱ्हाइकाकडे बंदुकीचा परवाना आहे म्हणून गाळेवाल्याला हात लावायची मुभा मिळत नाही. आणि शिकार? वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता हौसेची शिकार हा विषयच संपलाय, त्यामुळे ती हंटिंग रिव्हॉल्व्हर आपल्यासाठी रीलपुरतीच.

दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच न्यायची. जाताना अडकलेल्या पुंगळ्या फेकून देऊ नका. कुठली कुठल्या चेंबरमधली ते लिहिलेल्या वेगवेगळ्या पाकिटांत घाला आणि काडतुसांचं खोकं, त्यावरच्या लॉट नंबरसकट, सोबत ठेवा. पुंगळीच्या अंगावर एकाच जागी ओरखडा दिसला तर तो आधी चेंबर तपासेल, सगळ्यांचे बुडाजवळचे भाग सारखेच फुगलेले दिसले तर आधी खोकं मागेल.